सकाळच्या पाळीतल्या मतपत्रिका

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपले सन्माननीय नगराध्यक्ष, व्यासपीठावर उपस्थित असलेल्या मुख्याधिकारी मॅडम, सर्व नगरसेवक, निवडणूक शाखेतले आणि इतर विभागांतले स्नेही, पहिल्या रांगेत बसलेल्या आणि नवऱ्याचं कौतुक ऐकून एव्हाना कंटाळलेल्या काकू, आमच्या छापखान्यातली मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, आमचे काका,

"तुम्ही एकोणीस मतांनी पडलात, आणि त्यात माझी चूक आहे."

हे वाक्य मी सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या घरात ऐकलं. ते माझ्यासाठी नव्हतं, माझ्या आईसाठी होतं. बोलणारा माणूस आज माझ्या उजव्या हाताला बसला आहे, गळ्यात हार आहे, आणि मी हे वाक्य उच्चारल्याबरोबर त्यानं मान खाली घातली आहे. काका, मान वर करा. आज तुम्हाला उठून जाता येणार नाही. शाल पांघरलेल्या माणसाला सभागृह सोडायची परवानगी नसते.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव सगळ्यात शेवटी आहे. काकांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाप्रमाणे शेवटच्या नावाकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. तुमचं लक्षही आता बाहेरच्या चहाकडे गेलं असेल. माझ्या आधीच्या पाच वक्त्यांनी 'शिस्तप्रिय' हा शब्द मिळून सात वेळा वापरला. मी मोजले. प्रूफं वाचणाऱ्या बाईची सवय आहे, रागावू नका. काका शिस्तप्रिय आहेतच. पण ते तसे केव्हापासून झाले, हे कुणी सांगितलं नाही. मी छापखान्याच्या वतीनं बोलायला उभी आहे आणि ती गोष्ट आमच्या छापखान्यातच घडली. म्हणून ती सांगायचा हक्क माझा.

नव्या मंडळींसाठी आधी थोडं सांगते. काका निवडणूक शाखेत मतपत्रिका तपासतात. गेली बत्तीस वर्षं या गावात छापली गेलेली प्रत्येक मतपत्रिका त्यांच्या नजरेखालून गेली आहे. कार्यालयात त्यांना सगळे 'उलटेकाका' म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं तुम्हाला वाटतं, पण त्यांना माहीत आहे. हे नाव पडलं, कारण ते मतपत्रिका खालून वर वाचतात. शेवटचं नाव आधी, पहिलं नाव शेवटी. मी एकदा विचारलं, "काका, हे काय नवीनच?" तर म्हणाले, "वरच्या नावाला वाचणारे पुष्कळ आहेत. खालच्याला निदान एक तरी ताजा डोळा मिळू दे."

आता ती निवडणूक. आमच्या प्रभागात चार उमेदवार होते. त्यातले दोघेच खरे लढणारे. एक माझी आई, जी आमच्या गल्लीत कपडे शिवायची. दुसरे औषधांचे दुकानदार, जे आज आपले नगराध्यक्ष आणि या समारंभाचे अध्यक्ष आहेत. हो, अध्यक्ष महोदय, मी तुमच्याबद्दलच बोलते आहे. तुमची तेव्हाची घोषणा मला अजून पाठ आहे. 'पहिलं नाव, पहिलं काम!' रिक्षाला भोंगा लावून दिवसभर आमच्या खिडकीखाली चालायचं. आईचं शिलाई मशीनसुद्धा त्या तालावर चालायला लागलं होतं.

नियम असा होता की मतपत्रिकेवर नावं वर्णमालेप्रमाणे छापायची. त्याप्रमाणे अध्यक्षांचं नाव पहिलं आणि आईचं चौथं. पण छापखान्यात आलेल्या कच्च्या यादीत नावं अर्ज भरल्याच्या क्रमानं होती, आणि अर्ज भरायला सगळ्यात आधी आई गेली होती. म्हणजे पहिल्या प्रूफावर आई वर. काकांनी ती चूक पकडली, दुरुस्त केली, नवं प्रूफ काढलं, पास केलं. सगळं नीट केलं. फक्त एक काम राहिलं. रद्द झालेल्या प्रूफावर लाल फुली मारून ते परत न्यायचं असतं, आणि छपाईची जुनी प्लेट मोडायला लावायची असते. त्या दिवशी दुसऱ्या तीन प्रभागांची प्रूफं त्यांच्या हातात होती. ते घाईत निघाले आणि जुनं प्रूफ टेबलावरच राहिलं.

आमच्याकडे सकाळच्या पाळीतल्या माणसानं टेबलावर होतं ते बघून जुन्या प्लेटवर छपाई सुरू केली. दुपारच्या पाळीतल्या माणसानं पास झालेलं प्रूफ बघितलं आणि प्लेट बदलली. पण सकाळचे गठ्ठे बाजूला काढले नाहीत. साठ गठ्ठ्यांपैकी वीस सकाळचे, चाळीस दुपारचे. सगळे एकत्र बांधले गेले आणि तिन्ही मतदान केंद्रांवर मिसळून पोचले. एकाच रांगेत पुढेमागे उभ्या असलेल्या दोन शेजारणींना दोन वेगळ्या क्रमांच्या मतपत्रिका मिळाल्या, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. येणार कसं? आपण मतपत्रिका शेजारच्याला दाखवतो का?

लक्षात आलं ते मोजणीत. मोजणारे हात नाव वाचत नाहीत, शिक्का कुठे आहे ते बघतात. वर शिक्का, हा गठ्ठा. खाली शिक्का, तो गठ्ठा. भराभर चाललेलं असतं. काका उभे राहून बघत होते, आणि त्यांना एक कागद वेगळा दिसला. ते ओरडले, "थांबा! जागा बघू नका, नाव वाचा!" सगळे गठ्ठे पुन्हा उलगडले. एकेक नाव वाचून मतं पुन्हा लावली. मतदारानं कुणाला मत दिलं ते स्पष्ट होतं, म्हणून सगळी मतं धरली गेली. अध्यक्ष एकोणीस मतांनी आले आणि आई पडली. पण काकांनी त्या गडबडीत एक गोष्ट केली. सकाळच्या आणि दुपारच्या मतपत्रिकांची मतं त्यांनी वेगवेगळी लिहून ठेवली. ती कशाला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले.

आई मशीनवर होती. काका दारातच उभे. हातात दोन कोऱ्या मतपत्रिका, उरलेल्यांतल्या.

"बसा," आई म्हणाली.

"नको. आधी ऐका."

"उभ्यानं सांगितलेलं मला ऐकू येत नाही. बसा."

काका बसले. तेव्हा ते चौतिशीत होते, केस काळे होते. काकू हसताहेत म्हणजे मी बरोबर सांगते आहे. त्यांनी दोन्ही कागद कापड बेतायच्या टेबलावर ठेवले आणि ते वाक्य म्हणाले. मग सगळं समजावून सांगितलं.

"तक्रारीला सात दिवस असतात. आज तिसरा आहे. तुम्ही तक्रार करा. मतदान पुन्हा घ्यावं लागेल."

"आणि मग?"

"चौकशी होईल. प्रूफ कुणाकडे होतं ते बघतील."

"कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे."

आईनं दात लावून दोरा तोडला. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"हे तुम्ही विचारायचं नाही," काका म्हणाले. "मी तक्रार करा म्हणून सांगायला आलोय."

"आणि मी घरी कोण असतं ते विचारतेय. दोघं आपापलं काम करू या."

घरी काकू होत्या, दोन लहान मुली होत्या, आणि अंथरुणाला खिळलेले काकांचे सासरे होते. आईनं ते सगळं काढून घेतलं, चहा पाजला आणि काकांना वाटेला लावलं. तक्रार केली नाही. मी वीस वर्षांची होते. मी इतकी भांडले तिच्याशी की दोन दिवस जेवले नाही. "तुझी हक्काची जागा आहे आई! तो स्वतः येऊन सांगतोय!" ती म्हणाली, "मला पाच वर्षांनी पुन्हा उभं राहता येईल. त्याला पाच वर्षांनी नोकरी कोण देणार आहे?"

काकांनी स्वतःहून वरिष्ठांना लेखी कळवलं, ते वेगळं. पण मुदतीत तक्रार आली नव्हती, निकाल लागलेला होता, वरिष्ठांनी एक कडक समज दिली आणि प्रकरण मिटवलं. त्यातून एक नियम तेवढा झाला. यापुढे प्रत्येक मतपत्रिका दोघांनी वाचायची, एक नगरपालिकेचा माणूस आणि एक छापखान्याचा. छापखान्यात त्यासाठी एक जागा निघाली. ती मला मिळाली. म्हणजे ज्या चुकीनं माझी आई पडली, त्या चुकीनं माझं पोट भरलं. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, आज सांगितलं.

पहिलं वर्षभर मी काकांशी कामापुरतंच बोलले. मी खालून वर नावं मोठ्यानं वाचायची, ते बोट ठेवून बघायचे. मी मुद्दाम भरभर वाचायची, त्यांची धांदल उडावी म्हणून. त्यांची उडाली नाही कधी. ते फक्त म्हणायचे, "पुन्हा." एक दिवस मी न राहवून विचारलं, "लोक काय वेडे आहेत का हो? नाव वर आहे म्हणून मत देतील?"

त्यांनी चष्मा काढला. "शंभरातले नव्वद घरूनच ठरवून येतात. त्यांचं काही नाही. उरलेले दहा आत जातात, शिक्का हातात घेतात, आणि त्यांना यातलं कुणीच माहीत नसतं. रांग खोळंबलेली असते, घरी दूध तापत ठेवलेलं असतं. हात जिथे आधी पोचतो तिथे शिक्का बसतो. यात त्यांचा दोष नाही. कागद आपण छापलाय."

मला पटलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी एक प्रयोग केला. या सभागृहाला रंग द्यायचा होता. चार रंगांची यादी कर्मचाऱ्यांत फिरवायची होती. काकांनी ती दोन क्रमांत टाइप करून घेतली आणि अर्ध्यांना एक, अर्ध्यांना दुसरी दिली. पहिल्या यादीत जो रंग वर होता, तो पहिल्या यादीवाल्यांना जास्त आवडला. दुसऱ्यात जो वर होता, तो दुसऱ्यांना. शेवटी दोन्हींच्या बेरजेत हा रंग आला, जो आता तुम्ही भिंतीवर बघता आहात. गेली बारा वर्षं मी प्रत्येकाला विचारते आहे, हा कुणी निवडला? एकही माणूस हो म्हणत नाही.

तेव्हा मी काकांवरचा राग सोडला. हळूच सोडला, त्यांना कळू न देता. माझ्या लक्षात आलं की हा माणूस एकट्यानं काहीतरी वाहतो आहे. कारण काका माझ्याशी हसून बोलायचे, पण आईला रस्त्यात बघितलं की समोरच्या फुटपाथवर जायचे. सव्वीस वर्षं! आई म्हणते, "तुझ्या काकांमुळे मला रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं माहीत झाली. ते तिकडे गेले की मीही मुद्दाम तिकडे जाते."

दर निवडणुकीआधी काकांनी एक प्रस्ताव दिला. साधा होता. चार उमेदवार असतील तर मतपत्रिका चार क्रमांत छापा, प्रत्येक नाव सारख्याच मतपत्रिकांवर सगळ्यात वर येऊ दे, आणि गठ्ठे मिसळून वाटा. जे आमच्या छापखान्यात एकदा चुकून झालं, ते दरवेळी ठरवून करा. पहिल्यांदा उत्तर आलं की मतदार गोंधळतील. काकांनी विचारलं, मतदाराच्या हातात एकच कागद असतो, तो गोंधळेल कसा? पुढच्या वेळी मोजणीला उशीर होईल म्हणून नाकारला. एकदा तर फाइलच सापडत नव्हती. ती नंतर स्वागतकक्षात कुंडीखाली सापडली, म्हणजे तिचा निदान कुंडीला उपयोग झाला. अध्यक्ष महोदय, यातल्या दोन नकारांवर तुम्ही आहात, हे मी सांगितलं तर तुम्ही रागावणार नाही, कारण पाचव्या वेळी काय झालं तेही मी सांगणार आहे.

गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभेत प्रस्ताव पुन्हा आला. मी प्रेक्षकांत होते. अध्यक्षांनी काकांना उभं केलं आणि विचारलं, "काका, खरं सांगा, यात माझं नुकसान आहे का?"

"आहे," काका म्हणाले.

"किती?"

"शंभरात चार."

अध्यक्षांनी प्रस्तावाची फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, "चार मतांसाठी मी इतकी वर्षं भोंगा लावला होय!" आणि पहिला हात त्यांनी वर केला. प्रस्ताव मंजूर झाला. येती निवडणूक आपल्या गावातली पहिली असेल, जिथे कुणाचंच नाव पहिलं नसेल. अध्यक्ष महोदय, तुमच्याबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतं. त्या दिवशी ते दुरुस्त झालं.

आता मी खरी का उभी राहिले ते सांगते.

प्रस्ताव मंजूर झाल्यावर मी काकांच्या जुन्या प्रस्तावांच्या प्रती काढून बसले. प्रत्येकात त्या निवडणुकीचे आकडे आहेत. दुपारच्या, म्हणजे बरोबर छापलेल्या मतपत्रिकांवर, शंभरातली चाळीस मतं अध्यक्षांना आणि छत्तीस आईला. सकाळच्या, चुकीच्या मतपत्रिकांवर, आईला एक्केचाळीस आणि अध्यक्षांना जेमतेम छत्तीस. पुढे प्रत्येक प्रस्तावात एकच वाक्य आहे: 'ही चूक माझ्याकडून झाली.' आणि तिथे कागद संपतो. पण काका, पुढचं गणित कुठे आहे? चूक झालीच नसती तर काय झालं असतं, ते तुम्ही कधीच मांडलं नाहीत.

मी मांडलं. मतं पडली चोवीसशे. सगळ्याच मतपत्रिका बरोबर छापल्या असत्या, तर आई एकोणीस मतांनी पडली नसती. ती शंभराच्या आसपास मतांनी पडली असती. तुमच्या चुकीनं तिला पाडलं नाही. तुमच्या चुकीनं तिला जवळजवळ निवडून आणलं होतं. आणि ती चूक वीस गठ्ठ्यांऐवजी तीस गठ्ठ्यांवर झाली असती, म्हणजे दोघांची नावं निम्म्या निम्म्या मतपत्रिकांवर वर आली असती, तर आई साधारण एकोणीस-वीस मतांनी निवडून आली असती. हे नुसतं कागदी गणित नाही. पाच वर्षांनी आई पुन्हा उभी राहिली, समोर पुन्हा अध्यक्षच होते, आणि ती एकशे चार मतांनी पडली. त्या वेळी छपाईत एकही चूक नव्हती. खालून वर मीच वाचली होती ती मतपत्रिका. आईचं नाव मी सगळ्यात आधी वाचलं होतं.

मी हे घेऊन काकांकडे गेले. मला वाटलं, त्यांना ठाऊक नसेल. त्यांनी कागद बघितला, एक बेरीज दुरुस्त केली, आणि परत दिला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मोजणीच्या दिवसापासून."

"मग लिहिलं का नाहीत कधी?"

"ते गणित माझ्या बाजूनं जातं. ज्याची चूक आहे त्यानं ते मांडू नये. आणि गणित काहीही म्हणो, प्रूफ मी टेबलावर विसरलो होतो."

सभागृहातल्या सुजाण मंडळींना मी विचारते, मग ते कुणी मांडायचं? मला वाटतं, जिची आई पडली तिनं. म्हणून आज सगळ्यांसमोर, अध्यक्षांच्या साक्षीनं मांडलं. काका, तुम्ही प्रूफ विसरलात हे खरं आहे. ते मी पुसत नाही, मीही प्रूफंच वाचते. पण तुम्ही माझ्या आईचं काही नेलं नाहीत. तिचं जे गेलं ते नियमाप्रमाणे, अगदी बिनचूक गेलं, आणि ते थांबवायला तुम्हाला सव्वीस वर्षं लागली.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल नगरपालिकेचे आणि इतका वेळ चहा थांबवून ठेवल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंचेही, त्यांनी हा माणूस आम्हाला इतकी वर्षं उसना दिला. ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर तो माझा समजा, छापखान्याचा नाही, आणि मोठ्या मनानं सोडून द्या.

एवढ्यावर खाली बसायला हवं, पण एक निरोप पोचवायचा राहिला आहे.

आई इथेच आहे, तिसऱ्या रांगेत, खांबापाशी. चौऱ्याहत्तर वर्षांची झाली. येत्या निवडणुकीत ती उभी राहते आहे. हो, अध्यक्ष महोदय, तुमच्याच प्रभागात. पाणी घ्या. त्या प्रभागाची मतपत्रिका मी वाचणार नाही, तसं पत्र मी छापखान्याला आणि नगरपालिकेला दिलं आहे.

तिच्या अर्जाला सूचक हवा, त्याच प्रभागातला मतदार, नगरपालिकेच्या नोकरीत नसलेला. काका, तुम्ही त्याच प्रभागात राहता, आणि उद्या सकाळपासून नोकरीत नाही. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. लोक म्हणतील, हिच्यासाठीच यानं नियम बदलून घेतला. तुम्ही नियमाला डाग लागू देणार नाही, आणि तुमचं बरोबरच असेल. मी आईला तेच सांगितलं, ते नाही म्हणतील. ती म्हणाली, "म्हणू देत. पण दुसऱ्या कुणाला मी त्यांच्याआधी विचारणार नाही."

काका, अर्जाची शेवटची तारीख सोमवार आहे. तुम्ही माझ्या आईचे सूचक व्हाल का?